चाळीस हर्डल, आठ लेन

हर्डल शर्यतीच्या आधीची मिनिटं टीव्हीवर फारशी दिसत नाहीत. कॅमेरा तेव्हा खेळाडूंच्या चेहऱ्यांवर असतो, नाहीतर जाहिराती चालू असतात. त्याच वेळात ट्रॅकवर काही माणसं ढकलगाड्या घेऊन येतात, आठ लेनमध्ये प्रत्येकी पाच असे चाळीस हर्डल मांडतात, उंची बघतात, वजनं सरकवतात आणि बाजूला होतात. अमेरिकेच्या 2024 च्या राष्ट्रीय इनडोअर अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत त्या माणसांमध्ये मी होते. स्पर्धा 16 आणि 17 फेब्रुवारीला झाली, आणि मी राहते त्या अल्बुकर्की शहरातच झाली. पहिल्याच दिवशी आम्ही मांडलेल्या हर्डलवर एक जागतिक विक्रम मोडला गेला आणि दुसऱ्या एका विक्रमाची बरोबरी झाली. तो दिवस आणि तिथवर पोचण्याची सगळी वाट एकदा नीट लिहून काढायची होती.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. शाळेत हर्डल पळायचे, जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत गेले आणि मग दहावी-बारावीच्या गडबडीत ते सुटलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू मेक्सिकोत आलो. मुलगी हायस्कूलला गेल्यावर तिनं खेळ निवडला तो नेमका हर्डल. मी तिला एका शब्दानं सुचवलं नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू!

आमच्याकडे हिवाळ्यात बाहेर पळणं अवघड. म्हणून शहराच्या मध्यावर जे कन्व्हेन्शन सेंटर आहे, जिथं एरवी प्रदर्शनं आणि परिषदा भरतात, तिथं एका प्रचंड हॉलमध्ये दर हिवाळ्यात दोनशे मीटरचा ट्रॅक जोडतात. शाळांच्या स्पर्धा तिथं होतात, न्यू मेक्सिको विद्यापीठाचे खेळाडू तिथंच पळतात आणि देशाची राष्ट्रीय स्पर्धाही तिथं बऱ्याच वेळा भरली आहे. म्हणजे ज्या लेनमध्ये माझी मुलगी जानेवारीत पळते, त्याच लेनमध्ये फेब्रुवारीत ऑलिंपिकचे खेळाडू उतरतात. आपल्याकडे जिल्ह्याच्या पोरांना असं काही मिळालं तर किती फरक पडेल, हा विचार तिथं बसल्या बसल्या कितीदा मनात येऊन गेला आहे.

शाळेच्या स्पर्धांना पालकांनी मदतीला यायचं अशी इथली रीत. कोणी तिकिटं फाडतं, कोणी उंच उडीची काठी उचलून ठेवतं. मी हर्डलच्या गटात गेले. त्या गटाची प्रमुख साठी ओलांडलेली, गणित शिकवून निवृत्त झालेली एक बाई. ती वर्षानुवर्षं हेच काम करते. तिनं माझं काम पाहिलं, मी कधीकाळी हर्डल पळले आहे हे तिला कळलं, आणि म्हणाली, "मग नुसती मदतनीस कशाला राहतेस? रीतसर अधिकारी हो."

रीतसर म्हणजे आधी अमेरिकेच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेचं सभासदत्व घ्यायचं. मग पोलीस पडताळणीसारखी पार्श्वभूमीची तपासणी होते. खेळातल्या मुलांची सुरक्षितता या विषयावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, आणि तो नुसता पुढे पुढे ढकलून संपवता येत नाही, मध्ये मध्ये प्रश्न असतात. त्यानंतर नियमांची परीक्षा. नियमपुस्तक शेजारी ठेवून उत्तरं द्यायची असली तरी कुठला नियम कुठं आहे हे माहीत नसेल तर पुस्तकाचा काही उपयोग नाही. मी ते पुस्तक स्वयंपाकघरात ठेवलं होतं. कुकरच्या शिट्ट्या होईतो एखादं पान व्हायचं.

मुलांच्या सुरक्षिततेच्या अभ्यासक्रमाचं मला फार मोल वाटलं. एकट्या खेळाडूला बंद खोलीत भेटू नये, दुखापत बघतानाही कोणीतरी सोबत हवं, मुलांशी फोनवर बोलायचं तर कसं, अशा साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्यात लिहून दिलेल्या होत्या. आपल्या प्रत्येक जिल्हा क्रीडा स्पर्धेत काम करणाऱ्याला हा धडा सक्तीचा हवा. हे मी आई म्हणून सांगते आहे.

खरं शिक्षण मात्र हॉलच्या मागच्या गोदामात, हर्डलच्या रांगेसमोर झालं.

हर्डल वरून बघितला तर एक आडवी पट्टी, दोन खांब आणि जमिनीवर दोन पाय. हे पाय धावपटू ज्या बाजूनं येतो त्या बाजूला पसरलेले असतात. त्यामुळे धावपटूचा पाय पट्टीला लागला की हर्डल पुढे, त्याच्या धावण्याच्या दिशेनं पडतो आणि धावपटू सुटतो. तोच हर्डल चुकून उलटा ठेवला तर पाय लागल्यावर तो पडत नाही, अडतो, आणि पूर्ण वेगातला माणूस तोंडावर आपटतो. म्हणून दिशा बघायची ही पहिली सवय अंगात भिनवावी लागते.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ती मला शाळेत पळताना कोणी कधी सांगितली नव्हती. हर्डलच्या प्रत्येक पायात सरकणारं वजन असतं. नियम असा, की पट्टीच्या मधोमध आडवा जोर लावला तर तो 3.6 ते 4 किलोच्या दरम्यान पोचल्यावर हर्डल कलंडला पाहिजे. उंची वाढली की तरफ लांब होते, तोच जोर जास्त परिणाम करतो आणि हर्डल लवकर पडायला लागतो. म्हणून पट्टी वर घेतली की वजन धावपटूच्या बाजूला मागे सरकवायचं, खाली घेतली की पुढे आणायचं. वजन तसंच राहिलं तर एका लेनमधला हर्डल फुंकरीनं पडतो आणि शेजारच्या लेनमधला धावपटूचा गुडघा फोडतो. आमची प्रमुख हे ताणकाटा लावून दाखवायची. पट्टीच्या मध्यावर आकडा अडकवायचा, सावकाश ओढायचं आणि हर्डल कलंडला त्या क्षणी काट्यावरचा आकडा वाचायचा. तिचं एक वाक्य ठरलेलं होतं: "उंचीला हात लावलास की वजनालाही लावायचा. दोन कामं नाहीत ती, एकच आहे."

तिसरी गोष्ट जागेची. साठ मीटरच्या हर्डल शर्यतीत पाचच हर्डल असतात. पुरुषांसाठी स्टार्टच्या रेषेपासून पहिला हर्डल 13.72 मीटरवर, मग प्रत्येक दोन हर्डलमध्ये 9.14 मीटर आणि शेवटच्या हर्डलपासून फिनिशपर्यंत 9.72 मीटर. महिलांचा पहिला 13 मीटरवर, मधलं अंतर साडेआठ मीटर आणि शेवटी पुन्हा 13 मीटर. पुरुषांची पट्टी 1.067 मीटर उंच, महिलांची 0.838 मीटर. इथं सगळे इंचात बोलतात, 42 आणि 33. ट्रॅकवर रंगीत खुणा मारलेल्या असतात, महिलांच्या पिवळ्या आणि पुरुषांच्या निळ्या. मात्र खुणेवर हर्डल ठेवला म्हणजे काम झालं असं नाही. पट्टीची धावपटूकडची कड नेमकी खुणेवर यायला हवी. हर्डलचा पाय खुणेवर टेकवला तर पट्टी चार बोटं इकडेतिकडे होते. दोन हर्डलमध्ये तीन पावलं, ती पावलं वर्षानुवर्षं घोटलेली. चार बोटांनी ती मोडतात.

राष्ट्रीय स्पर्धेसाठी नावं मागवली तेव्हा प्रमुखानं माझं नाव पुढे केलं. मोठ्या स्पर्धेचा अधिकारीवर्ग देशभरातून येतो: स्टार्टर, फोटो-फिनिश वाचणारे, पंच. हर्डल उचलणारे हात मात्र बहुतेक स्थानिकच. गटात हायस्कूलची मुलं होती, माझ्यासारखे पालक होते आणि हे काम करत म्हातारे झालेले काही लोक होते. आदल्या दिवशी तालीम झाली. गाडीवरून हर्डल उतरवायचे कसे, कोण कुठल्या लेनला, कोण कुठल्या हर्डलला, काम झाल्यावर कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं, हात वर करून 'तयार' असा इशारा कधी द्यायचा. पुन्हा पुन्हा मांडायचं आणि उचलायचं. फेब्रुवारीची थंडी असून सगळे घामाघूम.

ज्यांनी इनडोअर स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हॉलच्या कडेनं दोनशे मीटरचा ट्रॅक फिरतो आणि वळणांवर तो बाहेरच्या बाजूला उचललेला असतो, नाहीतर वेगात वळताना धावपटू बाहेर फेकला जाईल. मधल्या मोकळ्या जागेतून साठ मीटरची सरळ धाव, म्हणून इथं शंभरऐवजी साठ मीटर. भाला, थाळी आणि हातोडा नसतात, अर्थातच. गोळाफेक असते, आणि अमेरिकेत पुरुषांसाठी 35 पौंडांचं, म्हणजे जवळजवळ सोळा किलोचं वजन फेकण्याची एक वेगळी स्पर्धाही असते. सगळं एकाच छताखाली आणि एकाच वेळी. लांब उडीची मुलगी धावत येत असते, तिच्या पलीकडून आठशे मीटरचा घोळका जात असतो, आणि प्रेक्षक इतके जवळ की धावपटूंचे श्वास ऐकू येतात.

अल्बुकर्कीचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे उंची. शहर समुद्रसपाटीपासून साधारण सोळाशे मीटरवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, म्हणजे जवळपास तेवढंच. हवा विरळ, त्यामुळे लांब पल्ल्याच्या धावपटूंची इथं दमछाक होते आणि त्यांना हे ठिकाण आवडत नाही. कमी अंतराच्या धावपटूंना मात्र विरळ हवेचा अडथळा कमी. ख्रिश्चन कोलमननं साठ मीटरचा 6.34 सेकंदांचा जागतिक विक्रम केला तो याच हॉलमध्ये, 18 फेब्रुवारी 2018 ला, राष्ट्रीय स्पर्धेतच.

कोलमनची एक हकिकत आमच्या प्रमुखानं तालमीच्या वेळी मुलांना सांगितली, आणि ती सांगताना तिचा आवाज चढला होता. त्याच वर्षी जानेवारीत तो क्लेमसनला 6.37 पळाला होता. तेव्हाचा विक्रम 6.39 चा, मॉरिस ग्रीनचा. म्हणजे विक्रम मोडलाच होता. पण तो मान्य झाला नाही, कारण तिथं स्टार्टिंग ब्लॉकला, म्हणजे सुटताना धावपटू पाय रोवतात त्या ठोकळ्यांना, जोडलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वापरलेली नव्हती. पळणाऱ्यानं त्याचं काम चोख केलं, मांडणी करणाऱ्यांकडून नियमातली अट पुरी झाली नाही आणि आकडा कागदावर आलाच नाही. "तो मुलगा महिन्याभरात पुन्हा पळू शकला म्हणून बरं," ती म्हणाली. "प्रत्येकाला दुसरी संधी मिळत नाही. आपल्यामुळे कोणाचा आकडा जाता कामा नये." हायस्कूलची ती पोरं एरवी सतत फोनमध्ये डोकं घालून असतात. तेव्हा गप्प उभी होती.

शुक्रवारी आम्ही खूप आधी पोचलो. प्रत्येक हर्डलची उंची मोजपट्टीनं बघितली, पट्ट्यांना तडे आहेत का ते बघितलं, ताणकाटा लावला. तिकडे फिनिशच्या बाजूला फोटो-फिनिशवाले त्यांची शून्य-चाचणी करत होते. स्टार्टरच्या पिस्तुलाचा इशारा आणि कॅमेऱ्याचं घड्याळ एकाच क्षणी सुरू होतं की नाही हे त्या चाचणीत कळतं. ब्लॉकच्या तारा जोडल्या गेल्या. इशाऱ्यानंतर एका सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा लवकर पाय हलला तर यंत्र ते फाउल स्टार्ट म्हणून दाखवतं, कारण माणूस ऐकून इतक्या लवकर हलूच शकत नाही असं नियम धरून चालतो. मला या सगळ्या यंत्रांपेक्षा ती चालवणाऱ्या माणसांचं जास्त कौतुक वाटलं. बहुतेक पिकलेल्या केसांची, स्वतःच्या खर्चानं आलेली, सुटी काढून आलेली. चहाच्या वेळी ती लोकं नियमांवर अशी चर्चा करत होती, जशी आपल्याकडे वारकरी मंडळी अभंगाच्या एखाद्या ओळीवर करतात.

महिलांच्या हर्डलची फेरी. माझ्याकडे तिसरा हर्डल आणि दोन लेन. हर्डल ठेवायचा, गुडघा टेकून पट्टीची कड आणि खूण एका रेषेत आहे का ते वरून नाही तर बाजूनं बघायचं, खाच नीट बसली का ते अंगठा दाबून बघायचं, दोन्ही वजनं एकाच खुणेवर आहेत ना ते बघायचं आणि हात वर करायचा. आठही लेनमधले हात वर गेले की प्रमुख स्वतः शेवटची फेरी मारायची. मग आम्ही बाजूला, आणि हॉलमध्ये एकदम शांतता.

मी उभी होते तिथून तिसऱ्या हर्डलवरून जाणारे पाय जवळून दिसत होते. टीव्हीवर हर्डल 'उडी मारून' पार करतात असं वाटतं. जवळून बघितलं तर उडी दिसतच नाही. पुढचा पाय पट्टीच्या एवढा जवळून जातो की मांडी आणि पट्टी यांच्यात हात घालायला जागा उरू नये. मागचा पाय कुशीतून वळून येतो आणि जमिनीवर टाच कधी टेकतच नाही. आणि आवाज! स्पाइकचा कडकड आवाज, पट्टीला मांडी घासल्याचा फटका, आणि पुढच्या क्षणी सगळ्या जणी फिनिशच्या पलीकडे. इनडोअरला थांबायला जागा कमी असते. त्या वेगात माणूस थांबतो कसा हे बघण्यासारखं असतं.

बोर्डावर आकडा आला: टिया जोन्स, 7.67.

हॉलमध्ये जो आवाज झाला त्याचा अर्थ कळायला मला क्षणभर वेळ लागला. पाचच दिवसांपूर्वी, 11 फेब्रुवारीला, न्यूयॉर्कच्या मिलरोज स्पर्धेत बहामाच्या डेव्हिन चार्ल्टननं 7.67 चा जागतिक विक्रम केला होता. त्याआधीचा विक्रम स्वीडनच्या सुझाना कॅलूरचा, 7.68, तो 2008 पासून टिकून होता. सोळा वर्षं जो आकडा हलला नाही, तो एका आठवड्यात दोघींनी ओलांडला, आणि त्यातली दुसरी आमच्यासमोर. जोन्स तेव्हा 23 वर्षांची होती.

पुरुषांच्या फेरीत ग्रँट हॉलोवे. साठ मीटर हर्डलमध्ये हा माणूस 2014 पासून एकदाही हरलेला नव्हता. त्याचाच 7.29 चा जागतिक विक्रम होता, 2021 मध्ये माद्रिदला केलेला. त्याआधी ब्रिटनच्या कॉलिन जॅक्सनचा 7.30 चा विक्रम 1994 पासून सत्तावीस वर्षं टिकला होता. शिवाय ही अंतिम फेरीही नव्हती. पुढे जाण्यापुरतं पळून थांबला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं.

42 इंचाचा हर्डल माझ्या पोटाच्या वर येतो. तो मांडताना दर वेळी वाटायचं, यावरून माणूस पळत जातो? हॉलोवे पळाला तेव्हा माझ्या हर्डलपाशी पोचायच्या आधीच इतरांपासून सुटला होता. सुरुवात हीच त्याची ताकद. पहिल्या हर्डलवरच तो पुढे असतो, आणि मग मागच्यांना फक्त त्याची पाठ दिसते. 7.27. आपलाच विक्रम दोन शतांशांनी खाली आणलेला.

फोटो-फिनिशचं वाचन सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत होतं आणि मग वरच्या शतांशाला पूर्ण केलं जातं, कधीही खाली नाही. म्हणजे 7.261 आलं तरी लिहायचं 7.27. ही कंजुषी मला फार आवडते. शंकेचा फायदा घड्याळाला, खेळाडूला नाही. त्यामुळे जो आकडा लिहिला जातो तो पक्काच असतो.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आमच्या प्रमुखानं मात्र हात आडवा करून आम्हाला थांबवलं. हर्डल हलवू नका. ती मोजपट्टी घेऊन पुन्हा लेनमध्ये गेली आणि उंची, जागा, वजनं शांतपणे बघून आली. ही तिची नेहमीची सवय, शाळेच्या स्पर्धेतही ती असंच करते. विक्रम झाल्यावर पंचांना लेखी द्यावं लागतं की सगळं नियमाप्रमाणे होतं. शिवाय खेळाडूची त्याच ठिकाणी उत्तेजक चाचणी व्हावी लागते. चाचणीच्या सोबतीला नेमलेली माणसं खेळाडूला नजरेआड होऊ देत नाहीत, मग तो आनंदानं नाचत असो की मुलाखत देत असो. प्रमुख परत आली, मान हलवली, आणि मग आम्ही पुढच्या कामाला लागलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला मिठी मारली. शाळेत गणित शिकवणारी, कुठल्याही फोटोत न दिसणारी ती बाई त्या आकड्याच्या पायाशी उभी आहे असं मला तेव्हा मनापासून वाटलं, आणि आजही वाटतं.

उंची बदलण्याचं काम सगळ्यात दमवणारं. 33 वरून 42 वर न्यायचं म्हणजे तीन खाचा वर. चाळीस हर्डल, प्रत्येकाच्या दोन बाजू आणि दोन वजनं. मध्ये वेळ थोडा, आणि टीव्हीचं वेळापत्रक कोणासाठी थांबत नाही. हायस्कूलच्या मुलांचे हात माझ्यापेक्षा चपळ होते, पण वजनाकडे बघायची सवय मोठ्यांची. म्हणून प्रमुखानं जोड्या लावल्या होत्या: एक मूल, एक मोठा माणूस. ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटली.

शनिवारी सकाळी हॉलवर जायला निघताना फोन बघितला तर तेहरानहून बातमी. आशियाई इनडोअर स्पर्धेत ज्योती याराजीनं साठ मीटर हर्डलमध्ये सुवर्ण जिंकलं होतं, 8.12 चा राष्ट्रीय विक्रम करून. त्याच दिवशी तिथं तजिंदरपाल सिंग तूरनं गोळाफेकीत सुवर्ण मिळवलं. मी गटातल्या सगळ्यांना ज्योतीचा व्हिडिओ दाखवला. प्रमुखानं तो दोनदा बघितला आणि तिच्या मागच्या पायाबद्दल बोलत राहिली. ज्योतीची बहुतेक तयारी भुवनेश्वरची, आणि तिथं कलिंग स्टेडियमच्या परिसरात आता इनडोअर ट्रॅकही झाला आहे, हे सांगताना मला अभिमान वाटला. आपल्या महाराष्ट्राचं हर्डलशी नातं तर जवळचं. 110 मीटर हर्डलचा राष्ट्रीय विक्रम मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाकडे होता, 13.48. त्याच वर्षी मे महिन्यात फिनलंडमध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या तेजस शिरसेनं तो 13.41 वर नेला. ती बातमी वाचली तेव्हा मी घरात एकटीच होते आणि मोठ्यानं ओरडले.

शनिवारची साठ मीटरची अंतिम फेरी मी बाजूला उभं राहून बघितली. तिथं हर्डल नव्हते, त्यामुळे आम्हाला काम नव्हतं. कोलमन आणि नोआ लाइल्स. कोलमन नेहमीसारखा ब्लॉकमधून आधी सुटला, लाइल्सनं शेवटच्या काही मीटरांत त्याला गाठलं. 6.43 आणि 6.44. दोघांमध्ये फरक डोळ्यांना दिसला नाही, बोर्डाकडे बघावं लागलं.

पुढच्या सुटीत साताऱ्याला गेले तेव्हा माझ्या जुन्या मैदानावर मुलीला घेऊन गेले. हर्डलचा सराव चालला होता. क्रीडाशिक्षक तरुण, उत्साही आणि पोरींवर जीव टाकणारे. हर्डल मात्र गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून करून घेतलेले, लोखंडी पाइपचे, पाय लांबलचक. मी पिशवीतून ताणकाटा काढला. सर म्हणाले, "ताई, हे काय?" पट्टीला आकडा अडकवून ओढलं, तर काट्याचे आकडे संपले तरी हर्डल हलेना. पोरींच्या नडग्यांवर काळेनिळे डाग होते आणि त्यांना वाटत होतं की हर्डल म्हटल्यावर एवढं लागणारच.

सर त्याच संध्याकाळी एक हर्डल स्कूटरवर आडवा धरून दुकानात घेऊन आले. मी कागदावर आकृती काढून दिली: पाय कुठं कापायचा, त्यावर पुढेमागे सरकणारं आणि बोल्टनं घट्ट होणारं वजन कसं बसवायचं, 76.2 सेंटीमीटरची खूण कुठं. दुकानदारानं कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "नेमका किती जोर लावल्यावर पडायला पाहिजे, तेवढं सांगा." मी सांगितलं, 3.6 ते 4 किलो. त्यानं पाय कापला, वजनाला एका जुन्या दांड्याचे तुकडे घेतले, बोल्ट बसवला. ताणकाटा लावून ओढत, वजन बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत बराच वेळ गेला. शेवटी हर्डल पावणेचार किलोला कलंडला. सरांनी बाकीचे हर्डलही दुसऱ्या दिवशी आणून टाकतो म्हणून सांगितलं आणि ताणकाटा कुठं मिळतो ते विचारून घेतलं. मी माझा त्यांच्याकडेच ठेवला.